नावांची मोट : गुणवाचक माहितीचे गट कसे पाडावेत?

मोजणी ही क्रिया वरवर पाहता अगदी सोपी वाटते. परंतु मोजावयास बसण्यापूर्वी ‘एक’ कशाला म्हणावयाचे हे ठरवावे लागते, आणि खऱ्या अडचणीस तेथूनच प्रारंभ होतो. वय, उंची, उत्पन्न यांसारख्या गोष्टी संख्येच्या रूपानेच आपल्यापुढे येतात. त्यांची बेरीज करता येते, सरासरी काढता येते. मातृभाषा, व्यवसाय, गाव यांचे तसे नाही. ती नावे आहेत. मराठी आणि कन्नड यांची सरासरी काढता येत नाही. अशा नावांच्या रकान्याला संख्याशास्त्रात ‘गुणवाचक चल’ म्हणतात. त्यात येणाऱ्या प्रत्येक नावाला इंग्रजी शास्त्रग्रंथांत ‘लेव्हल’, म्हणजे पातळी, असा शब्द आहे. परंतु येथे उच्चनीचता मुळीच अभिप्रेत नसल्यामुळे आम्ही प्रस्तुत लेखात ‘वर्ग’ हाच शब्द वापरणार आहोत. अनेक वर्ग एकत्र बांधले की जे होते त्यास ‘गट’ म्हणू.

माहितीच्या प्रचंड साठ्यातून उपयुक्त ज्ञान खणून काढण्याचे जे शास्त्र संगणकाच्या साहाय्याने वाढीस लागले, त्यास ‘डेटा मायनिंग’ म्हणतात. त्या शास्त्राच्या संगणकप्रणालींत हे गट पाडण्याची सोय असते, आणि एका आज्ञेसरशी शेकडो नावे दहा-बारा गटांत बसविता येतात. काम इतके सुलभ झाले आहे म्हणूनच त्यामागचा विचार समजून घेण्याची निकड वाढली आहे. हा विषय केवळ गणितज्ञांचा नव्हे; भाषेचा अभ्यास करणाऱ्यांचा तर तो अगदी जिव्हाळ्याचा आहे. म्हणून आम्ही उदाहरणही भाषेचेच घेतो.

१

सन २०११ च्या जनगणनेत मातृभाषेच्या रकान्यात देशभरातून १९,५६९ निरनिराळी नावे नोंदली गेली. याचा अर्थ भारतात तितक्या भाषा आहेत असा नव्हे. एकाच भाषेचे नाव दहा प्रकारांनी लिहिले जाते. कोणी भाषेऐवजी जातीचे नाव सांगतो, कोणी गावाचे, तर कोणी प्रांताचे. या सर्व नावांची छाननी भाषाशास्त्राच्या दृष्टीने करण्यात आली, तेव्हा १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. आणखी १,४७४ नावे कोठेच बसेनात; ती ‘अवर्गीकृत’ मानून ‘इतर’ या सदरात घालण्यात आली. त्यानंतर निश्चित मातृभाषांपैकी ज्या देशभरात दहा हजार किंवा त्याहून अधिक लोक बोलतात, अशा २७० मातृभाषा वेगळ्या दाखविण्यात आल्या. त्यांतील १२३ राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांच्या पोटात गेल्या व उरलेल्या १४७ अन्य ९९ भाषांच्या. अशा रीतीने १९,५६९ नावांची अखेर १२१ भाषांत मोट बांधली गेली.

ही सारी प्रक्रिया तीन पायऱ्यांची आहे. प्रथम नावाच्या लेखनातील भेद दूर करणे. नंतर विरळ वर्गांना एका सीमारेषेखाली ‘इतर’ म्हणून एकत्र करणे. आणि शेवटी शास्त्रज्ञाने आपल्या ज्ञानाच्या आधारे लहान वर्ग मोठ्या गटांत घालणे. संगणकप्रणाली जे करते ते याहून फारसे निराळे नाही. फरक इतकाच, की ती त्यात एका चौथ्या मार्गाची भर घालते. त्याकडे आम्ही पुढे वळू.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सन २००१ मध्ये नोंदलेली मूळ नावे ६,६६१ होती आणि २०११ मध्ये ती जवळजवळ तिप्पट झाली. परंतु गट पाडून झाल्यावर भाषांची संख्या २००१ मध्ये १२२ व २०११ मध्ये १२१ निघाली. मूळ नोंद आणि अंतिम तक्ता यांच्यामध्ये मनुष्याच्या निर्णयांचा केवढा मोठा थर असतो, हे यावरून स्पष्ट होईल.

२

यंत्राला हे गट का हवेत? माणसाच्या दृष्टीने ‘मराठी’, ‘मराठि’ आणि ‘मऱ्हाटी’ ही एकाच भाषेची नावे होत. यंत्राला त्या तीन वेगळ्या अक्षरमालिका दिसतात. इतकेच काय, नावापुढे एक मोकळी जागा चुकून राहिली तरी ते त्यास नवा वर्ग समजते.

दुसरी अडचण गणिताची आहे. बहुतेक गणिती पद्धतींना संख्या लागतात. म्हणून प्रत्येक वर्गासाठी एक स्वतंत्र रकाना करून, ती भाषा असेल तर १ व नसेल तर ० असे लिहितात. वर्ग पाच असतील तर हे ठीक. १९,५६९ असतील तर तितकेच रकाने होतात आणि त्यांतील बहुतेक शून्यांनीच भरलेले राहतात. ज्या वर्गात अवघ्या दोन-तीनच व्यक्ती आहेत, त्याविषयी यंत्र जो निष्कर्ष काढील तो निव्वळ योगायोगावर आधारलेला असतो.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. एकेक प्रश्न विचारून माहितीचे दोन भाग करीत जाणारी ‘निर्णयवृक्ष’ नावाची पद्धत सर्वत्र वापरली जाते. अनेक वर्ग असलेल्या रकान्याकडे या वृक्षाचा स्वाभाविक ओढा असतो, कारण जितके वर्ग अधिक तितकी माहिती बारीक चिरण्यास वाव अधिक. हा पक्षपात टोकाला गेला म्हणजे काय होते? प्रत्येक माणसाचा स्वतंत्र क्रमांक असलेला रकाना दिला तर वृक्ष त्यावरूनच सर्वांना अचूक वेगळे करतो, आणि नव्या माणसाविषयी मात्र काहीएक सांगू शकत नाही. याला पाठांतर म्हणता येईल. ज्ञान म्हणता येणार नाही.

मग सर्व संभाव्य गट करून पाहावेत व उत्तम तो निवडावा, असे कोणी म्हणेल. परंतु हा उपाय संख्येपुढे हतबल ठरतो. पाच वर्गांचे गट ५२ प्रकारांनी पाडता येतात; दहा वर्गांचे १,१५,९७५ प्रकारांनी. केवळ दोनच गट करावयाचे ठरविले तरी आठव्या परिशिष्टातील २२ भाषांची विभागणी २०,९७,१५१ प्रकारांनी होऊ शकते. तेव्हा निवडीसाठी काही तत्त्व हवे.

३

प्रचलित मार्ग मुख्यतः चार आहेत. पहिला नामशुद्धीचा. एकाच नावाची भिन्न लेखने एका रूपाखाली आणणे हे काम कंटाळवाणे खरे, पण तेच सर्वांत मोलाचे. यात बुद्धीपेक्षा दक्षता लागते, आणि हे काम सर्वस्वी यंत्रावर सोपविता येत नाही. लेखनातील साम्यावरून यंत्र ‘कोकणी’ आणि ‘कोकणा’ एक करून टाकील; परंतु पहिली किनारपट्टीवरील भाषा आहे आणि दुसरी डोंगरपट्ट्यातील आदिवासी समाजाची.

दुसरा मार्ग विरळ वर्ग एकत्र करण्याचा. न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठात तयार झालेल्या ‘वेका’ या प्रणालीत ठरावीक संख्येहून लहान वर्ग एकत्र करणारी चाळणी आहे. संख्याशास्त्रज्ञांच्या आवडत्या ‘आर’ या भाषेतही त्यासाठी तयार आज्ञा आहेत, आणि ‘सॅस’ कंपनीच्या ‘एंटरप्राइझ मायनर’मध्येही तशी व्यवस्था आहे. हा मार्ग सोपा व जलद आहे. तथापि त्याचा दोष उघड आहे. विरळपणा हे साम्य नव्हे. अंदमानातील एखादी भाषा, हिमालयातील एखादी बोली आणि मध्य भारतातील एखाद्या भटक्या जमातीची वाणी यांत समान असे काय? तिन्ही बोलणारे थोडे आहेत, एवढेच. ‘इतर’ हा गट बहुधा सर्वांत विजातीय असतो, आणि तक्त्यात मात्र तो इतरांसारखाच एका ओळीत निमूटपणे बसतो.

तिसरा मार्ग जाणकाराच्या ज्ञानाचा. भाषांचे कुल पाहून, व्यवसायांचे स्वरूप पाहून, गावांचे जिल्हे पाहून गट करावयाचे. असे गट अर्थपूर्ण असतात. त्यांचे समर्थन करता येते. परंतु येथे जाणकारांतील मतभेदही आत येतात.

चौथा मार्ग यंत्रयुगाचा. यात वर्गांचे स्वरूप न पाहता त्यांचे वर्तन पाहावयाचे. ज्या गोष्टीचे भाकीत करावयाचे तिच्या संबंधात जे वर्ग सारखे वागतात ते एकत्र करावयाचे. सन १९८० मध्ये गॉर्डन कास यांनी प्रसिद्ध केलेली ‘चेड’ ही पद्धत या मार्गाची उत्तम प्रतिनिधी होय. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेल्या काय-वर्ग कसोटीने ती वर्गांच्या प्रत्येक जोडीतील फरक तपासते. ज्या जोडीत फरक सर्वांत कमी, ती एकत्र करते. आणि उरलेल्यांत लक्षणीय फरक दिसेपर्यंत हीच क्रिया पुनःपुन्हा चालविते. दुसरीही एक सुंदर युक्ती आहे. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा स्वरूपाचे असेल तेव्हा प्रत्येक वर्गातील ‘होय’चे प्रमाण काढून वर्ग त्या क्रमाने मांडावेत. मग दोन गटांची उत्तम विभागणी या रांगेतच कोठेतरी एक छेद घेऊन मिळते, हे गणिताने सिद्ध झाले आहे. वर सांगितलेल्या वीस लाखांहून अधिक पर्यायांऐवजी केवळ २१ छेद तपासले की काम भागते. वॉल्टर फिशर यांनी १९५८ मध्ये सजातीय गटांविषयी जो विचार मांडला, आणि ब्रायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या आपल्या निर्णयवृक्षांवरील ग्रंथात जो विस्तारला, त्याचे हे फळ होय.

४

हा चौथा मार्ग मोहक आहे, म्हणूनच त्यातील धोका नीट पाहिला पाहिजे. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या ग्रंथालयाला आपले कोणते सभासद पुढील वर्षी वर्गणी भरतील याचा अंदाज बांधावयाचा आहे. एकंदर सभासदांपैकी ६० टक्के वर्गणी भरतात. शिक्षक ४०० आहेत. त्यांपैकी ३०० जणांनी, म्हणजे ७५ टक्क्यांनी, वर्गणी भरली. खलाशी तिघेच आहेत आणि तिघांनीही भरली. म्हणजे शंभर टक्के! यंत्र खलाशांना सर्वांत वरच्या गटात बसवील. पण तिघांच्या वर्तनावरून सर्व खलाशांविषयी सिद्धान्त कोण मांडील?

यावर उपाय असा, की प्रत्येक वर्गाच्या प्रमाणाला एकंदर सरासरीकडे थोडे ओढावे. वर्ग जितका लहान तितकी ही ओढ अधिक. प्रत्येक वर्गात सरासरीने वागणारे २० काल्पनिक सभासद मिळविले असे धरू. त्यांपैकी १२ जण वर्गणी भरणारे. मग खलाशांचे प्रमाण २३ पैकी १५, म्हणजे सुमारे ६५ टक्के होते. शिक्षकांचे ४२० पैकी ३१२, म्हणजे सुमारे ७४ टक्के. शिक्षकांचा आकडा जवळजवळ जेथल्या तेथे राहिला आणि खलाशांचा मात्र पुष्कळ खाली आला. पुरावा थोडा असेल तेथे निष्कर्षही बेताचाच काढावा, हा व्यवहारातील शहाणपणाच येथे सूत्ररूपाने आला आहे.

दुसरा धोका परीक्षेचा. ज्या माहितीवरून गट ठरविले तिच्यावरच त्यांची कसोटी घेतली तर यश हमखास दिसते. विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका आधी दाखवून मग त्याची हुशारी वाखाणावी, तसा हा प्रकार. म्हणून माहितीचा काही भाग प्रारंभीच बाजूस ठेवावा, गट उरलेल्या भागावरून पाडावेत, आणि कसोटी त्या न पाहिलेल्या भागावर घ्यावी. नव्या माहितीत पूर्वी कधीच न आलेले नाव येऊ शकते. त्याचे काय करावयाचे हेही आधीच ठरलेले असावे. तसेच ज्याने उत्तरच दिले नाही त्याला ‘इतर’मध्ये ढकलू नये. मौन बाळगणारा मनुष्य आणि अपरिचित नाव सांगणारा मनुष्य हे दोघे एक नव्हेत.

तिसरा धोका काळाचा, आणि तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सन १९९१ च्या जनगणनेत मैथिली हिंदीच्या गटात होती. पुढे २००३ च्या घटनादुरुस्तीने मैथिलीस आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले आणि २००१ चे भाषिक तक्ते निघाले तेव्हा ती स्वतंत्र दाखविण्यात आली. आता कोणी १९९१ चा हिंदीचा ३३,७२,७२,११४ हा आकडा २००१ च्या ४२,२०,४८,६४२ या आकड्याशी सरळ ताडून पाहील, तर दशकातील वाढ सुमारे २५ टक्के भरेल. पण जुन्या आकड्यातून मैथिलीचे ७७,६६,९२१ भाषक वगळल्यास तीच वाढ २८ टक्क्यांवर जाते. मधल्या काळात लोकांनी भाषा बदलली नव्हती. बदलली होती ती गटाची सीमा. तीन टक्क्यांचा हा फरक माणसांचा नसून मोट बांधणाऱ्याचा आहे.

५

आता घराकडे वळू. सन २०११ मध्ये मराठीचे भाषक ८,३०,२६,६८० नोंदले गेले, आणि तेलुगूस मागे टाकून मराठी देशात तिसऱ्या स्थानी आली. या आकड्याचा आनंद मानण्यास हरकत नाही. परंतु यात कोण आहेत आणि कोण नाहीत? अहिराणी यात नाही. जनगणनेने अहिराणी ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेच्या पोटात घातली आहे, आणि खानदेशीचे भाषक १८,६०,२३६ आहेत. मालवणी हे नाव ज्याने सांगितले त्याची गणना कोकणीत झाली. त्याच्याच शेजाऱ्याने ‘मराठी’ असे उत्तर दिले असेल तर तो मराठीत गेला. वारली बोलणारा भिलीच्या गटात आहे, आणि हळबी ही वेगळी भाषा म्हणून दाखविली आहे.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाची पाने चाळली तर चित्र पालटते. त्यांच्या मराठीला वाहिलेल्या १९०५ च्या सातव्या खंडात कोकणी आहे, वारली आहे, हळबीही आहे. खानदेशी मात्र तेथे नसून भिल्ल भाषांबरोबर नवव्या खंडात आहे. कोकणीच्या बाबतीत पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ मध्ये गोव्याचा राजभाषा कायदा झाला. आणि १९९२ मध्ये ती आठव्या परिशिष्टात आली. भाषाशास्त्रज्ञाने बांधलेली मोट समाजाने सोडली व निराळी बांधली. यात अमुक बरोबर व तमुक चूक असा निवाडा देण्याचे येथे प्रयोजन नाही. आमचे म्हणणे इतकेच, की गट हा निसर्गाने दिलेला नसतो. तो काही हेतूने केलेला असतो, आणि हेतू बदलला की गटही बदलू शकतो. व्याकरणाचा अभ्यासक, पाठ्यपुस्तकांची छपाई ठरविणारा अधिकारी आणि आपल्या बोलीची ओळख जपणारा समाज हे तिघे एकाच यादीचे तीन वेगळे गट पाडतील, आणि तिघांचेही करणे आपापल्या जागी योग्य असू शकेल.

मोठ्या भाषांच्या बाबतीतही हेच आहे. सन २०११ मधील हिंदीच्या ५२,८३,४७,१९३ भाषकांपैकी आपली मातृभाषा ‘हिंदी’ या नावाने सांगणारे ३२,२२,३०,०९७ होते. उरलेल्यांत भोजपुरीचे पाच कोटींहून अधिक, राजस्थानीचे अडीच कोटींहून अधिक, छत्तीसगढीचे दीड कोटीहून अधिक लोक आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत. कोणता प्रश्न विचारला यावर कोणते उत्तर द्यावयाचे ते अवलंबून आहे.

आणि दहा हजारांची सीमारेषा? एखादी भाषा ९,९०० लोक बोलत असतील तर ती यादीतून नाहीशी होते. सन १९६१ च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषांची नावे छापली होती. त्यांत अगदी मोजके भाषक असलेलीही होती. पुढील जनगणनांत सीमारेषा आली आणि ती नावे ‘इतर’च्या पडद्याआड गेली. गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० पासून झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली, ती असा पडदा बाजूस सारूनच.

यावरून व्यवहारासाठी काही नियम निघतात. मूळ नोंदीचा रकाना कधीही पुसू नये. गटाचा रकाना त्याच्या शेजारी नव्याने करावा. कोणते नाव कोणत्या गटात व का घातले, याची यादी तक्त्याबरोबरच ठेवावी. सीमारेषा कोठे ओढली ते स्पष्ट लिहावे, आणि ती थोडी वर-खाली सरकवून निष्कर्ष टिकतो की नाही ते पाहावे. ‘इतर’मध्ये कोण आहेत ते निदान एकदा तरी उघडून पाहावे. भाकितासाठी केलेला गट आणि माणसांची ओळख सांगणारा गट यांची गल्लत करू नये. कर्जफेडीच्या हिशोबात दोन समाज सारखे वागतात, म्हणून ते एक ठरत नाहीत.

ज्या मराठी संस्था महाराष्ट्राबाहेर काम करीत आहेत त्यांना हे विशेष सांगण्याचे कारण आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी माणूस त्या त्या ठिकाणच्या बहुसंख्य भाषेपुढे अल्पसंख्य आहे, आणि एखाद्या कार्यालयाच्या संगणकात सीमारेषा किंचित वर सरकली की तो ‘इतर’ होतो. आपल्याला ‘इतर’ म्हटलेले आपणांस रुचत नसेल, तर आपल्या ग्रंथालयांच्या, शाळांच्या व सभासदांच्या नोंदी संगणकावर चढविताना आपणही अहिराणी, वारली किंवा मालवणी सांगणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा प्रथम लिहून घेतला पाहिजे. मोट केव्हाही बांधता येते. न लिहिलेले नाव मात्र कोणत्याही प्रणालीला पुन्हा शोधून काढता येत नाही.